गुन्ह्याची नोंद आणि परदेशप्रवास : आधी आपली फाईल, मग अर्ज

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सहा वर्षे फिटर म्हणून काम केलेला एक तरुण कॅनडाच्या वर्क परमिटचा भरलेला अर्ज तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आला होता. कोणत्याही देशात तुमच्या हातून गुन्हा घडला आहे का, त्यासाठी अटक, आरोप किंवा शिक्षा झाली आहे का, अशा अर्थाच्या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ हे उत्तर निवडले होते. बोलता बोलता त्याने सांगितले की २०१७ मध्ये मित्राच्या हळदीहून परतताना त्याला दारू पिऊन मोटारसायकल चालवल्याबद्दल पकडले होते आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून २,००० रुपये दंड भरला होता. पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून त्याने चार घड्या घातलेली पावती काढली. घडीच्या रेषांवरची शाई उडालेली होती, पण कलम १८५ आणि दंडाची रक्कम अजून वाचता येत होती. ‘दंड भरून मोकळा झालो होतो मी,’ असे तो म्हणाला.

गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणे होय, ही गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. तो खोटे बोलत नव्हता, पण अर्ज तसाच गेला असता तर कागदावर तो खोटाच ठरला असता. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज आणि त्यांना लागणारे न्यायालयीन कागद पाहताना माझे हे मत पक्के झाले आहे की, जुन्या नोंदीमुळे जितक्या वाटा बंद होतात त्याहून अधिक वाटा नोंद आणि अर्जातील उत्तर यांच्यातील विसंगतीमुळे बंद होतात. म्हणून हा लेख व्हिसापासून सुरू न करता आपल्या स्वतःच्या फाईलपासून सुरू केला आहे.

पहिली पायरी : आपल्या नावावर नेमके काय आहे ते शोधणे

बहुतेकांना आपल्या प्रकरणाची आठवण गोष्टीसारखी असते. कोणाशी भांडण झाले, कोणत्या साहेबांनी सोडले, वकिलाला किती पैसे दिले, हे सगळे आठवते, पण परदेशी अधिकाऱ्याला यातले काहीही नको असते. त्याला पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष, लावलेली कलमे, न्यायालय, खटला क्रमांक, निकालाची तारीख आणि निकाल हवा असतो. ही माहिती एका कोऱ्या कागदावर लिहायला घ्यावी आणि जिथे रकाना रिकामा राहील तिथून शोध सुरू करावा.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या ऑनलाइन सेवेवर पक्षकाराच्या नावाने, खटला क्रमांकाने किंवा प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने शोध घेता येतो. नाव टाकून शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. वडिलांचे नाव गाळून, आडनाव आधी घेऊन, ‘व’साठी दोन्ही इंग्रजी अक्षरे वापरून पाहावे, कारण फिर्यादीत पोलिसांनी जसे लिहिले तसेच नाव न्यायालयाच्या नोंदीत उतरलेले असते. खटला नाशिकमध्ये सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालला की निफाड, सिन्नर, दिंडोरी, मालेगाव अशा तालुक्याच्या न्यायालयात, हेही पाहावे लागते. पोलिसांकडून आलेले नियमित खटले सहसा ‘आर.सी.सी.’ आणि संक्षिप्त खटले ‘एस.सी.सी.’ या शीर्षकाखाली नोंदवलेले असतात. जुने खटले संगणकावर सापडले नाहीत तर वकिलामार्फत अभिलेख कक्षात शोध घ्यावा लागतो.

क्रमांक हाती आला की नक्कल अर्ज करून प्रथम खबर अहवाल, दोषारोपपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयातील नोंद) आणि निकालपत्र यांच्या प्रमाणित नकला मागाव्यात. साधी झेरॉक्स पुरत नाही. दंड झाला असेल तर पावती आणि कैद भोगली असेल तर सुटकेचा दाखलाही जोडावा. नकला मिळायला वेळ लागतो आणि व्हिसाचा अधिकारी थोडक्या दिवसांत कागद मागतो, म्हणून हे काम परदेशी जाण्याचा विचार पक्का होताच हाती घ्यावे. कागद मराठीत असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर अनुभवी भाषांतरकाराकडून करून प्रमाणित करून घ्यावे. खटला चालून होणारी ‘निर्दोष मुक्तता’ आणि खटला चालण्याआधीच होणारी ‘दोषारोपातून मुक्तता’ या दोन वेगळ्या गोष्टींना भाषांतरात एकच शब्द पडला तर पुढे नसता प्रश्न उभा राहतो.

दुसरी पायरी : त्या नोंदीला कायद्यात काय म्हणतात

पोलीस ठाण्यात जाऊन आलेल्या प्रत्येक माणसावर ‘केस’ असते, असे आपल्याकडे ढोबळपणे बोलले जाते. अर्जातील प्रश्न मात्र ढोबळ नसतात, म्हणून प्रकारांतील फरक समजून घेतला पाहिजे.

अदखलपात्र तक्रार, म्हणजे ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, ही तक्रारीची नोंद असते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. निवडणुकीच्या किंवा सणांच्या तोंडावर होणारी ‘चॅप्टर केस’ ही शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई असते आणि तिच्यात गुन्ह्याची शिक्षा नसते. तडीपारी हीसुद्धा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील प्रतिबंधक कारवाईच आहे, तरी पोलिसांच्या अहवालात ती ठळकपणे येते.

प्रथम खबर अहवाल नोंदला गेला की तपास सुरू होतो. तपासाअंती पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात किंवा समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची न्यायालयाची मंजुरी, मागतात. महाराष्ट्रात अ, ब आणि क अशा समरी आहेत. अ समरीत गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही, ब समरीत फिर्यादच खोटी ठरते आणि क समरीत गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून फिर्याद झालेली असते. पोलिसांनी समरी पाठवली एवढ्यावर थांबू नये. न्यायालयाने ती मंजूर केल्याचा आदेश हातात हवा.

तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यात न्यायालयाने तडजोड नोंदवून घेतली तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली सोडले असेल तर दोष सिद्ध झालेला असतो, मात्र त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता लागत नाही. जुगार, दारूबंदी, दारू पिऊन वाहन चालवणे अशा प्रकरणांत लोक लोकअदालतीत किंवा पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतात. तारखा वाचतात हे खरे, पण दोषसिद्धी कायमची नोंदली जाते. ज्याच्या घरात कोणी परदेशी जाण्याची तयारी करत आहे त्याने कबुलीपूर्वी वकिलाशी एकदा शांतपणे बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार फार आढळतो. कांद्याच्या भावासाठी लासलगाव, चांदवड, उमराणे या भागांत रास्ता रोको झाले की बेकायदा जमाव आणि जमावबंदीचा भंग अशी कलमे लागतात. काही वर्षांनी आंदोलनातील गुन्हे मागे घेण्याची घोषणा होते आणि आपले नाव आपोआप निघाले असे गावातले तरुण धरून चालतात. प्रत्यक्षात सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळाल्यावरच खटला संपतो. ही तरतूद पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. घोषणेचे वर्तमानपत्रातील कात्रण पासपोर्ट कार्यालयात चालत नाही. न्यायालयाच्या आदेशाची नक्कल घ्यावी.

तिसरी पायरी : पासपोर्ट

पासपोर्ट नाकारण्याची कारणे १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२) मध्ये दिली आहेत. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक यांसारख्या) गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झालेली असणे, भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे आणि न्यायालयाचे समन्स, वॉरंट किंवा देश न सोडण्याचा आदेश निघालेला असणे. पहिले कारण वाचले की लक्षात येते की सातपूरच्या त्या तरुणाला दंडामुळे पासपोर्ट नाकारला जाण्याचे कारण नव्हते. पासपोर्टचा उंबरठा आणि व्हिसाचा उंबरठा वेगवेगळे आहेत, आणि पासपोर्ट मिळाला म्हणजे नोंद पुसली गेली असे मानणे चुकीचे आहे.

सर्वांत जास्त अडचण प्रलंबित खटल्याची येते. केवळ प्रथम खबर अहवाल नोंदला गेला आहे किंवा तपास चालू आहे, एवढ्याने खटला प्रलंबित ठरत नाही. न्यायालयात प्रकरण दाखल होऊन न्यायालयाने दखल घेतली असेल तरच तो प्रलंबित मानावा, असे परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन निवेदनात स्पष्ट केले आहे. पोलीस पडताळणीच्या वेळी ठाण्यातील कर्मचाऱ्याला ‘गुन्हा दाखल आहे’ एवढेच दिसत असते, म्हणून या निवेदनाची प्रत अर्जदाराच्या फाईलमध्ये असावी. मात्र चेक न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली चालणारा खटला हा फौजदारी खटलाच आहे. द्राक्ष आणि कांदा व्यापारात असे खटले पुष्कळ असतात, ‘तो तर पैशांचा व्यवहार आहे’ असे समजून अर्जात ‘नाही’ लिहिले जाते आणि अडचण उभी राहते.

खटला प्रलंबित असला तरी वाट बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार, ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळू शकतो. येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने लोकांना वर्षाला फेऱ्या माराव्या लागतात. न्यायालयाने आदेशात पासपोर्टची मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, पण आदेश मुदतीबाबत गप्प असेल तर सर्वसाधारणपणे तो एकाच वर्षाचा मिळतो. अनेक देश प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने पासपोर्ट वैध असावा असा आग्रह धरतात, त्यामुळे एका वर्षाचा पासपोर्ट हाती येईपर्यंत आणि व्हिसा लागेपर्यंत निरुपयोगी होत आलेला असतो. म्हणून वकिलाला सांगून अर्जाच्या शेवटच्या मागणीतच ‘दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट देण्यास हरकत नाही’ असे स्पष्ट शब्द घालून घ्यावेत.

या अर्जात खटल्याचा टप्पा, आजवर प्रत्येक तारखेला हजेरी लावल्याचा उल्लेख, जाण्याचे कारण, मुक्कामाचा पत्ता आणि परत येण्याची हमी लिहावी. नोकरीचे पत्र किंवा प्रवेशपत्र जोडावे. न्यायालय त्यावर सरकारी वकिलांचे म्हणणे मागवते आणि मग आदेश होतो. रोजनाम्यात हजेरी माफीचे अर्ज आणि वॉरंटच दिसत असतील तर न्यायाधीशांचे मन वळवणे अवघड जाते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण परदेशी जायचे ठरले त्या दिवसापासून एकही तारीख चुकवू नये.

अर्जात माहिती दडवली किंवा चुकीची दिली तर त्याच अधिनियमाच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि मिळालेला पासपोर्ट जप्तही होऊ शकतो. पडताळणी नाशिक शहरात पोलीस आयुक्तालयाकडून आणि ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या यंत्रणेकडून होते. सिडकोत राहणाऱ्या माणसाचा जुना गुन्हा निफाडमध्ये असला तर तो दिसणार नाही, असे समजू नये, कारण पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता संगणकाने जोडलेल्या आहेत. प्रतिकूल अहवाल आल्यावर कारणे दाखवा नोटीस येते. तिला खटल्याचे कागद जोडून लेखी उत्तर द्यावे. नकार मिळाला तर लेखी कारणे मागण्याचा अधिकार आहे आणि कलम ११ खाली अपील करता येते. १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि बाजू ऐकून न घेता पासपोर्ट काढून घेणे न्याय्य नाही असे ठरवले. आपली बाजू मांडण्याची संधी मागताना संकोच करू नये.

चौथी पायरी : देशाबाहेर पडण्याची परवानगी

पासपोर्ट हातात असला तरी जामिनाच्या अटी वेगळ्या असतात. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये’ ही अट जामीन आदेशात असते आणि वर्षे उलटली की माणूस ती विसरतो. जामीन आदेश पुन्हा वाचावा. अट असेल तर प्रत्येक प्रवासासाठी तारखांसह परवानगी घ्यावी लागते आणि त्या काळात येणाऱ्या तारखांना वकील हजर राहील असा हजेरी माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

लुक आऊट सर्क्युलर, म्हणजे माणसाला देशाबाहेर जाताना अडवण्यासाठी इमिग्रेशनला दिलेले परिपत्रक, निघाले असेल तर ते बहुधा मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशीच कळते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना अशी परिपत्रके काढण्याची मागणी करू देणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्द केली. पोलिसांच्या मागणीवरून निघणारी परिपत्रके मात्र आहेत तशीच आहेत. वैवाहिक वादातून फिर्याद झालेली असेल, विशेषतः नवरा परदेशात नोकरीला असेल, तर ही शक्यता आधीच तपासावी.

पाचवी पायरी : दोन वेगळे दाखले

पोलीस आयुक्तालयाकडून किंवा अधीक्षक कार्यालयाकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हे बहुधा देशातील नोकरीसाठी वापरतात. परदेशी नोकरी, शिक्षण किंवा स्थलांतरासाठी लागणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजेच पीसीसी, पासपोर्ट सेवा यंत्रणेतून ५०० रुपये शुल्क भरून घ्यावे लागते आणि पर्यटन व्हिसासाठी ते दिले जात नाही. अंबडच्या एका कंपनीत दिलेला जुना चारित्र्य दाखला दूतावासाला पाठवून दोन महिने वाया घालवलेला माणूस मला माहीत आहे.

परदेशात राहून आला असाल तर तिथलाही दाखला लागतो. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी सोळा वर्षांच्या वयानंतर सध्याच्या देशात सहा महिन्यांहून अधिक किंवा इतर देशांत बारा महिने वा अधिक राहिल्यास तेथील दाखला मागतात. ऑस्ट्रेलियाचा हिशेब गेल्या दहा वर्षांत एकूण बारा महिन्यांचा आहे. आखातातून परतणाऱ्यांनी तो देश सोडण्यापूर्वीच दाखला घेऊन ठेवावा. मागून तो मिळवणे जिकिरीचे होते.

सहावी पायरी : प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा

अर्जातील प्रश्न शब्दशः वाचणे हे येथले मुख्य काम आहे. अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात अटक आणि दोषसिद्धी या दोन्हींविषयी विचारतात आणि माफी मिळाली असली तरी सांगावे असे म्हणतात. म्हणजे अटक होऊन पुढे निर्दोष मुक्तता झालेल्या माणसालाही तिथे ‘होय’ लिहून निकालपत्र जोडावे लागते. ‘मी सुटलो, म्हणजे मला काही झालेच नाही’ ही भावना माणूस म्हणून रास्त आहे, तरी या प्रश्नाचे उत्तर तिच्यावरून देता येत नाही. अमेरिकेचा कायदा नैतिक अधःपतनाचे गुन्हे आणि अमली पदार्थांचे गुन्हे वेगळे पाहतो. नैतिक अधःपतनाच्या एकाच किरकोळ गुन्ह्याला सवलत आहे, पण त्यासाठी त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षाहून अधिक नसावी आणि प्रत्यक्ष झालेली शिक्षा सहा महिन्यांहून अधिक नसावी. त्यामुळे आपल्या कागदावर झालेल्या दंडाशेजारी त्या कलमाची कमाल शिक्षाही लिहून ठेवावी. काही अपात्रतांमध्ये तात्पुरत्या व्हिसासाठी सूट मागता येते.

कॅनडा गुन्ह्याचे मोजमाप स्वतःच्या कायद्याने करतो. भारतात किती दंड झाला यापेक्षा तेच कृत्य कॅनडात घडले असते तर कमाल किती शिक्षा होती, हे पाहिले जाते. दारू पिऊन वाहन चालवण्याची कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे दहा वर्षे झाली आणि तो गुन्हा गंभीर गटात गेला. सातपूरच्या तरुणाची घटना त्या तारखेआधीची होती, म्हणून तारखेचा पुरावा त्याच्यासाठी लाखमोलाचा ठरला. शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. दहा वर्षांहून कमी कमाल शिक्षेचा एकच गुन्हा असेल तर दहा वर्षांनी माणूस आपोआप पुनर्वसित मानला जाऊ शकतो. तोवर निकडीच्या कारणासाठी तात्पुरत्या निवासाच्या परवान्याची सोय आहे. खोटी माहिती दिल्यास मात्र तिथे पाच वर्षे प्रवेश बंद होतो.

ब्रिटनमध्ये बारा महिने किंवा अधिक कैद झालेली असेल तर अर्ज नाकारणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. त्याहून कमी शिक्षा किंवा नुसता दंड झाला असेल आणि पर्यटक म्हणून जायचे असेल, तर निदान बारा महिने उलटू द्यावे लागतात. जुन्या शिक्षा ‘विसरल्या’ जाण्याचा ब्रिटनचा अंतर्गत कायदा व्हिसाच्या अर्जाला लागू नाही, त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीची शिक्षाही सांगावी लागते. फसवणूक आढळल्यास दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात.

ऑस्ट्रेलियाच्या चारित्र्य कसोटीत एकूण बारा महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा ही मोठी नोंद मानली जाते. जपान एक वर्ष वा अधिक कैद झालेल्यांना आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना प्रवेश नाकारतो.

सामायिक व्हिसा देणाऱ्या युरोपातील शेंगेन देशांचा अल्प मुदतीचा अर्ज वेगळा आहे, कारण त्याच्या सामायिक नमुन्यात गुन्ह्याविषयी प्रश्नच नाही. बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला किंवा नेदरलँड्समधील खरेदीदारांना भेटायला जाणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला, रास्ता रोकोचा खटला अंगावर असला तरी, त्या अर्जात तो लिहायला जागाच सापडत नाही. त्याने न विचारलेले लिहू नये. त्याची खरी अडचण जामिनाची अट आणि पासपोर्टची मुदत हीच असते. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसात मात्र पूर्वीच्या शिक्षेविषयी विचारतात.

‘कशाला सांगायचे, तिकडे कोणाला कळणार आहे’ हा सल्ला घरातील वडीलधाऱ्यांकडून प्रेमापोटी येतो. पण खटल्याची माहिती ई-कोर्ट्सवर कोणीही पाहू शकतो, बहुतेक प्रथम खबर अहवाल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात, आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे पाच देश व्हिसा अर्जदारांच्या बोटांच्या ठशांवरून एकमेकांकडे माहिती पडताळतात. एका देशातील खोट्या उत्तराचा शिक्का दुसऱ्या देशापर्यंत पोहोचतो.

सातवी पायरी : आयुष्याचा तपशील आणि खुलासा

स्थलांतराच्या अर्जात दहा वर्षांचा वैयक्तिक इतिहास महिन्यानिशी भरावा लागतो. नोकरी, शिक्षण, बेरोजगारी, पत्ते यांत एकही महिना रिकामा चालत नाही. न्यायालयीन कोठडीत तीन महिने गेले असतील आणि त्या काळापुढे ‘घरी होतो’ असे लिहिले तर खटल्याच्या कागदांशी ते जुळणार नाही. एक वही करावी, डाव्या पानावर महिने आणि उजव्या पानावर पत्ता व काम लिहावे, बँकेच्या पासबुकावरून आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून तारखा पडताळाव्यात आणि पुढील प्रत्येक अर्ज त्याच वहीवरून भरावा. नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज भरले तर तेही याच वहीशी ताडून पाहावेत.

खुलासा एका पानाचा असावा. सातपूरच्या तरुणाने अखेर लिहिला तो असा होता : ‘२०१७ मध्ये मी मद्यपान करून मोटारसायकल चालवली. कोणालाही इजा झाली नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खाली मी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २,००० रुपये दंड त्याच दिवशी भरला. निकालाची प्रमाणित नक्कल आणि पावती जोडली आहे. त्यानंतर माझ्यावर कोणताही गुन्हा नोंदलेला नाही. त्या रात्री मी इतरांचा जीव धोक्यात घातला होता, याची मला जाणीव आहे.’ पहिल्या मसुद्यात त्याने पोलिसांनी मुद्दाम अडकवले असे लिहिले होते, ते मी काढायला सांगितले, कारण कबुली दिलेल्या गुन्ह्याबद्दल नंतर निर्दोष असल्याचा दावा केला की वाचणाऱ्याचा सगळ्याच मजकुरावरचा विश्वास उडतो.

नोंद पुसता येते का

प्रौढांची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली तरच ती जाते. प्रथम खबर अहवाल किंवा खटला रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करता येतो. त्याआधी हीच तरतूद दंड प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हणून परिचित होती. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख अधिनियमानुसार बोटांचे ठसे आणि मोजमापांच्या नोंदी ७५ वर्षे ठेवल्या जातात, पण पूर्वी दोषी न ठरलेला माणूस खटल्याशिवाय सुटला असेल, दोषारोपातून मुक्त झाला असेल किंवा अपिलांचे मार्ग संपून निर्दोष ठरला असेल तर, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास, त्या नष्ट करायच्या असतात. इंटरनेटवर राहिलेल्या जुन्या निकालांबाबत न्यायालयांनी काही प्रकरणांत निर्दोष सुटलेल्यांना दिलासा दिला आहे, तरी तो प्रत्येकाला हक्काने मिळतो असे म्हणता येत नाही.

अठरा वर्षांखालील मुलांची गोष्ट निराळी आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला त्या निष्कर्षामुळे अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलाला अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून शिक्षा झाल्यास हा नियम लागू होत नाही. ही नोंद नष्ट झाली आहे की कपाटात तशीच आहे, याची विचारणा पालकांनी बाल न्याय मंडळाकडे लेखी करावी. मुलगा बारावीनंतर परदेशी जाणार असेल तर ही विचारणा दहावीतच केलेली बरी. परदेशी अर्जातील ‘कधीही अटक’ या प्रश्नाला मात्र आपला कायदा बांधून ठेवत नाही, म्हणून त्या एका उत्तरासाठी त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचे मत घ्यावे.

परत आल्यावर

खटला चालू असताना परवानगी घेऊन गेलेल्या माणसाचे काम नाशिकला पोहोचल्यावर संपत नाही. आदेशात दिलेल्या मुदतीत न्यायालयात पुरसिस (लेखी निवेदन) दाखल करून परत आल्याची माहिती द्यावी, पासपोर्टवरील जाण्याच्या आणि येण्याच्या शिक्क्यांची प्रत जोडावी, आणि पासपोर्ट जमा ठेवण्याची अट असेल तर तो जमा करून पोच घ्यावी. शिक्का पुसट उठला असेल तर बोर्डिंग पासही लावावा. पुढच्या परवानगीच्या अर्जावर सरकारी वकील म्हणणे लिहितात तेव्हा रोजनाम्यातील हीच नोंद त्यांच्यासमोर असते.